थर: टाकाऊ प्लास्टिकच्या भित्तिशिल्पाच्या नोंदी

९ जानेवारी

वाचनालयाच्या मंडळींबरोबर पहिली बैठक. त्यांच्या मनात मासा आहे: पोटात बाटल्या, अंगावर झाकणांचे खवले. मी नको म्हटलं. मासा, कासव, देवमासा यांचं आता ठरीव चित्र होऊन गेलंय. माणूस लांबूनच ओळखतो, हळहळतो आणि पुढे जातो. ज्या वस्तूंचा तो मासा केलाय त्या बघायच्या राहूनच जातात.

माझं म्हणणं, जमिनीचा उभा छेद करू. विहीर खणताना कडेला मातीचे थर दिसतात तसे प्लास्टिकचे थर, जुनं तळाशी आणि नवं वर. यात कल्पनेची भरारी फारशी नाहीच. हवाईतल्या कामिलो किनाऱ्यावर शेकोट्यांत वितळलेलं प्लास्टिक वाळू, प्रवाळ आणि लाव्हाच्या खड्यांना धरून घट्ट झालेलं सापडलं. भूवैज्ञानिक पॅट्रिशिया कोरकोरन, समुद्राचे अभ्यासक चार्ल्स मूर आणि शिल्पकार केली जॅझव्हॅक यांनी २०१४ मध्ये त्या दगडाचं ‘प्लास्टिग्लोमरेट’ असं बारसंही केलं. प्लास्टिकचा थर ही आता नुसती उपमा नाही.

मंडळातले एक आजोबा म्हणाले, “पण मुलांना मासा आवडतो हो.” आवडतो, खरंच. तरी नको.

१३ जानेवारी

जागेचा वाद. त्यांनी देऊ केलेली भिंत जिन्यातली. उंच, मोकळी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरणारी. नाकारली. पॉलिथिन (पिशव्यांचं प्लास्टिक) पेटलं की नुसतं जळत नाही, वितळून जळते थेंब खाली गाळत राहतं. आग लागली तर माणसं ज्या वाटेने पळणार त्याच वाटेवर चौरस मीटरच्या हिशेबाने प्लास्टिक टांगायचं, हे मला जमणार नाही. हे मी बोलून दाखवल्यावर टेबलाभोवती थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आधी कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

दुसरा पर्याय बाहेरच्या अंगणातला. तोही नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटतात, वस्तू खडूसारखी होते आणि तिची भुकटी झडू लागते. पर्यावरणावरचं शिल्प स्वतःच वर्षानुवर्षं अंगणात सूक्ष्मप्लास्टिक पेरत उभं, याच्याइतकं हास्यास्पद काय असेल? अशी शिल्पं असतात. उद्घाटनाचे फोटो निघतात, तीन-चार वर्षांनी तिथे काय उरलंय ते बघायला कुणी जात नाही.

ठरली ती पोर्चमधली आतली भिंत. वर पक्कं छत, दिवसभर सावली, मुख्य दारापासून लांब, जवळून वायरिंग गेलेलं नाही. अग्निशमनातल्या एका जाणकारांना दाखवली. त्यांनी खालचा भाग जमिनीपासून वर ठेवायला सांगितलं, म्हणजे कुणी टाकलेलं थोटूक तिथवर पोचणार नाही. चाळीस सेंटिमीटर सोडले.

१७ जानेवारी

मोजपट्टी ठरली, आणि काम खऱ्या अर्थाने आज सुरू झालं असं वाटतंय.

थरांची जाडी डोळ्याला बरी दिसते म्हणून ठरवायची नाही. रोलंड गायर, जेना जॅमबेक आणि कारा लॉ या संशोधकांचा २०१७ चा हिशेब आधाराला घेतला: १९५० ते २०१५ या काळात जगात मिळून सुमारे ७८० कोटी टन प्लास्टिक रेझिन (वस्तू बनवायचा कच्चा माल) आणि धागे तयार झाले. शिल्पाची उंची २ मीटर. म्हणजे १ मिलिमीटरला ३९ लाख टन.

१९५० सालचं उत्पादन सुमारे २० लाख टन, म्हणून त्या वर्षाचा थर अर्धा मिलिमीटर. झाकणाची कड त्याहून जाड असते. २०१५ चं ३८ कोटी टन, म्हणजे थर ९७ मिलिमीटर, जवळपास तळहाताच्या रुंदीचा. आणि एकूण ७८० कोटींतला निम्मा माल शेवटच्या १३ वर्षांतला, म्हणून वरचा पूर्ण एक मीटर त्या १३ वर्षांचा. ग्राफ पेपरवर रेघा ओढत वर गेले तसं चित्र आपोआप तयार होत गेलं. तळाशी रेघा इतक्या दाट की पेन्सिलचं टोक मावेना, वर मोकळं रान.

मंडळाच्या बाईंनी विचारलं, “म्हणजे आमच्या लहानपणचं सगळं तळाशी चेंगरणार?” चेंगरणार. रेडिओची बटणं, साबणाच्या डब्या, कंगवे, सगळं. त्याला मी काही करू शकत नाही, आकडेच तसे आहेत.

एक नियम घालून घेतला: ज्या प्लास्टिकचा जन्मच झाला नव्हता ते त्या थरात जाणार नाही. पॉलिप्रॉपिलीन (खुर्च्या आणि विणलेल्या पोत्यांचं प्लास्टिक) बाजारात आलं १९५७ मध्ये, त्याखाली त्याचा तुकडा नको. पेट म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक, त्याच्या बाटलीचं पेटंट १९७३ चं, त्याखाली बाटली नको. बेकेलाइट, म्हणजे जुन्या स्विचांचं कडक प्लास्टिक, तर १९०७ चं, मोजपट्टीच्याही आधीचं. ते शून्य रेषेखाली, पायाच्या पट्टीत.

२० जानेवारी

रंगांप्रमाणे लावायचं का, हा प्रश्न मदतीला आलेल्या मुलांनी काढला. सुंदर दिसेल यात शंका नाही. ब्रिटिश शिल्पकार टोनी क्रॅग यांनी १९७८ मध्येच सापडलेले प्लास्टिकचे तुकडे जमिनीवर इंद्रधनुष्याच्या क्रमाने मांडले होते, आणि तेव्हापासून ही मांडणी इतक्यांनी केलीय की आता ती डोळ्यांत भरत नाही. शिवाय रंग पुढे आला की वय मागे पडतं. रंगवायचंही नाही. निळं ते निळं, पिवळं पडलेलं ते पिवळं.

२४ जानेवारी

जमवाजमव. घरोघरी अडगळ असते, कचरा वेचणाऱ्या ताई असतात, भंगार असतं, माल कमी पडणार नाही. प्रश्न वयाचा आहे.

बादली उपडी केली की बुडाच्या मध्याजवळ नखाएवढं वर्तुळ दिसतं. कडेने १ ते १२ आकडे, मधोमध बाण, बाणाच्या एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला ९. बाण ७ कडे. जुलै २००९. हे साच्यात बसवलेलं तारखेचं चक्र. कारखान्यात महिना बदलला की त्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून बाण फिरवतात आणि पुढची प्रत्येक बादली, क्रेट, खुर्ची ती तारीख अंगावर घेऊनच बाहेर पडते. मुलांना हे दाखवल्यावर त्यांनी पोर्चमधल्या सगळ्या खुर्च्या उलट्या केल्या. वाचायला आलेले लोक उभे!

भूवैज्ञानिक थराचं वय त्यात सापडणाऱ्या जीवाश्मावरून ठरवतात. आमचे जीवाश्म तारीख छापूनच जन्माला आलेत. या वर्तुळांचे तुकडे कापून दर्शनी ठेवायचे, थरात दर हातभर अंतरावर एखादं तरी दिसलं पाहिजे. शिल्पाशेजारी माहितीचा फलक मग फार मोठा लागणार नाही.

एक मुलगी झाकणांच्या आतले आकडे वाचून वर्षं लावत बसली होती. तो आकडा साच्यातल्या खणाचा. एका ठोक्यात डझनावारी झाकणं निघतात, कुठल्या खणातून बिघडलेलं आलं ते कळावं म्हणून. तिला सांगितल्यावर तिने एकाच कंपनीच्या झाकणांमध्ये १ पासूनचे सगळे खण शोधायचा नवा उद्योग सुरू केला. करू दे.

३० जानेवारी

वर्गवारी. कुठलं प्लास्टिक कुठलं हे कळल्याशिवाय हीट गनला (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राला) हात लावायचा नाही, कारण पीव्हीसी (वायरींच्या सालांचं प्लास्टिक) तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू सोडतं. घसा आणि डोळे दोन्ही जातात. वस्तूवर प्लास्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडा असेल तर सोपं, ३ असेल तर पीव्हीसी. पण तुटक्या तुकड्यावर आकडा नसतो.

दोन टब भरले. पहिल्यात साधं पाणी, त्यात साबणाचा थेंब, नाहीतर बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही तरंगतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकी, ती वर राहतात. बुडालेले तुकडे दुसऱ्या टबात, ज्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलंय. तिथे पॉलिस्टायरिन (कंगव्यांचं प्लास्टिक) वर येतं, पेट आणि पीव्हीसी तळाला जातात. त्या दोघांत फरक करायला तुकडा दुमडायचा, घडीवर पांढरी रेघ उमटली तर बहुधा पीव्हीसी. अगदीच अडलं तर तांब्याची तार तापवून तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मुलं लांब पाठवून.

खनिज भुकटी मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडतं, त्यामुळे खुर्च्यांच्या तुकड्यांवर या परीक्षेचा भरवसा नाही. त्यांना तारखेच्या वर्तुळाशेजारी प्लास्टिकचं नाव बहुतेकदा असतंच.

पिशव्यांचं हातालाच कळतं. दोन्ही पॉलिथिनच्याच जाती: चुरगळली की सळसळते ती एचडीपीई, ओढली की लांबते ती एलडीपीई.

धुतल्यावरचं पाणी तसंच मोरीत सोडायचं नाही. जुन्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळतो. कापडावर जे उरतं ते बघण्यासारखं असतं.

३ फेब्रुवारी

थर्माकोल घेणार नाही हे पक्कं. एकदा मणी सुटे झाले की ते कुणाच्या बापाला आवरत नाहीत.

६ फेब्रुवारी

विणलेली पोती आली, कुठल्याशा गच्चीवर उन्हात पडून राहिलेली. पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्यांची वीण. लांबून ठीक दिसत होती. एक पोतं कोपऱ्याला धरून उचललं आणि कोपराच हातात राहिला. बोटांच्या चिमटीत पट्टी धरली की तिचे आधी तुसासारखे तुकडे होतात, आणखी चोळलं की पांढरी भुकटी. या प्लास्टिकच्या साखळीत दर एकाआड एका कार्बनवर मिथाइलचा (एका कार्बनचा) फाटा असतो आणि तिथला हायड्रोजन सहज तुटतो, म्हणून स्थिरीकारक (ऊन सोसावं म्हणून मिसळायचं रसायन) न घातलेलं किंवा संपलेलं पॉलिप्रॉपिलीन उन्हात पॉलिथिनच्या आधी जातं. पाण्याचे पाइप आणि टाक्या काळ्या का असतात याचं उत्तरही इथेच आहे: त्यातली काजळी किरणं स्वतःवर घेते.

पोती शिल्पात जाणार नाहीत, हलवतानाच सांडतील. एक पोतं मात्र काचेच्या बरणीत भरून झाकण लावलं. उद्या कुणी पुन्हा म्हणालं की अंगणात का नाही लावत, तर बरणी पुढे ठेवायची.

११ फेब्रुवारी

चौकटी आल्या. वेल्डिंगवाल्या काकांनी २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळीच्या एक मीटर बाय एक मीटरच्या सहा चौकटी केल्या, आत वेल्डमेश, म्हणजे तारेची जाळी. तीन रुंदीला, दोन उंचीला. काका म्हणाले, “ताई, एकच मोठी करू, मजबूत होईल.” होईल. पण मग उतरवता येणार नाही. सहा सुट्या म्हणजे दोन माणसं एकेक उचलतील.

१४ फेब्रुवारी

जोडकामाचे नियम लिहून भिंतीला लावले. डिंक, हॉट ग्लू, रेझिन काहीही नाही.

पहिलं कारण व्यवहारातलं: पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनवर काही धड चिकटतच नाही. पृष्ठभाग असा की पाण्याचा थेंबही गोळा होऊन बसतो. हॉट ग्लूने लावलेली झाकणं थोड्या दिवसांत पापुद्र्यासारखी सुटतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चिकटवलेलं वेगळं करता येत नाही आणि वेगळं न होणारं प्लास्टिक कुठल्याच कामाचं राहत नाही. हे शिल्प एक दिवस उतरणार आहे. त्या दिवशी प्रत्येक जातीचं प्लास्टिक आपापल्या ढिगात परत जाता आलं पाहिजे.

म्हणून तार, रिव्हेट, स्क्रू आणि पेटची दोरी. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांचे धातूच्या बुचांचे पडदे तांब्याच्या तारेने जोडलेले असतात आणि दर वेळी नव्याने टांगले की वेगळ्या चुण्या पडतात. जोड बदलला की कामाचा स्वभावच बदलतो, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

कापायला कातर आणि पंच. करवत फक्त जाड तुकड्यांना, खाली चादर अंथरून. करवतीचा चुरा म्हणजे आपण स्वतः केलेलं सूक्ष्मप्लास्टिक.

१९ फेब्रुवारी

दोरीचं काम, आणि हे मला सगळ्यात आवडतं. फळीवर दोन वॉशरच्या मध्ये कटरचं पातं आडवं पकडलंय. बाटलीचं बूड कापायचं, कडेला चीर देऊन टोक पात्याखालून ओढायचं. बाटली स्वतःभोवती फिरत उलगडत जाते. ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी काढली तर लिटरच्या बाटलीतून आठ-नऊ मीटर निघते.

ही पट्टी गाठ मारून हीट गनखाली धरली की आवळते आणि कडक होते. कारण बाटली ताणून फुगवलेली असते. ऊब मिळाली की ताणलेल्या साखळ्या मूळ आकाराकडे धावतात. बाटलीचं तोंड ताणलेलं नसतं, म्हणून ते आवळत नाही. ते जास्त वेळ तापवलं तर मात्र काचेसारखं पारदर्शक असलेलं तोंड दुधासारखं पांढरं होतं, आत स्फटिक तयार होतात म्हणून. तशी पांढरी तोंडं मुद्दाम करून घेतली, वरच्या थरांत मधूनमधून बसवणार.

दारं-खिडक्या उघडी, पंखा बाहेर तोंड करून.

२६ फेब्रुवारी

पायाची पट्टी बसवली. बेकेलाइटचे स्विच, प्लगटॉप, कुकरचं हँडल, रेडिओची बटणं. बेकेलाइट तापवून वितळत नाही, एकदा घट्ट झालं की झालं. त्याला भोक पाडायचं नाही, घासायचंही नाही. जुन्या बेकेलाइटमध्ये कधी कधी भरणा म्हणून ॲस्बेस्टॉस घालत, त्याची धूळ उडवण्यात शहाणपण नाही. स्विचना स्क्रूची भोकं मुळातच आहेत, त्यातूनच तार ओवली. कामाला येतील अशी भोकं देणाऱ्या त्या जुन्या कारागिरांना सलाम.

त्याच्या वर १९५० चा अर्धा मिलिमीटर. एलडीपीईच्या काळ्या पिशवीचे पदर बेकिंग पेपरमध्ये घालून इस्त्रीने एकजीव केले आणि त्याची तीन मीटर लांब पट्टी कड बाहेर करून लावली. दिसते का? वाकून बघितलं तर. मुलांपैकी एकाला ती लाल हवी होती, उठून दिसावी म्हणून. उठून दिसायचीच नाहीये ती.

४ मार्च

खालच्या तीन चौकटी भरल्या. पीव्हीसीच्या वायरींची सालं आणि पॉलिस्टायरिनचे कंगवे शेजारी येत होते, मध्ये पॉलिथिनची पट्टी सरकवली. मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर (त्याला मऊपणा आणणारा पदार्थ) झिरपून पॉलिस्टायरिनला लागला की ते चिकट होऊन वितळल्यासारखं होतं. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटून बसतं ते यामुळेच.

आडव्या लांब पट्ट्यांना गोल भोक नाही, लांबट खाच. एचडीपीई तापमानाने लोखंडाच्या दसपटीहून जास्त फुगतं. सव्वा मीटरची पट्टी वीस अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकते. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर ती मध्ये फुगा धरते किंवा रिव्हेट फाडते. एक टोक पक्कं, बाकी स्क्रू ढिले, वॉशर रुंद.

१० मार्च

वरच्या चौकटी. झाकणं इथेच संपतात. ३० मिलिमीटरचं झाकण षट्कोनी मांडणीत बसवलं तर चौरस मीटरला सुमारे १,२८० लागतात, आणि आम्ही ती सपाट न लावता उभी, कडेवर लावतोय. जमवलेला ढीग बघता बघता खाली गेला. मुलं पुन्हा गोळा करायला बाहेर पडली.

१६ मार्च

वेष्टनांचा थर. खाऊच्या चकचकीत पुड्या. यावरून मंडळाशी दुसरा वाद. त्यांना कंपन्यांची नावं दिसायला नकोत, उगाच कटकट नको म्हणून. मला वस्तू ओळखू यायला हवी. आतली रुपेरी बाजू बाहेर करा असं त्यांनी सुचवलं. ते दिसेल छान, पण दागिन्यासारखं, आणि कचऱ्याला दागिना करून टाकणं ही या प्रकारच्या कलेची जुनी खोड आहे.

या पुड्या म्हणजे पदरांवर पदर: प्लास्टिक, त्यावर मिलिमीटरच्या लाखाव्या भागात मोजायची ॲल्युमिनियमच्या वाफेची साय, पुन्हा प्लास्टिक. वेगळे करता येत नाहीत म्हणून भंगारातही यांना कुणी विचारत नाही. सगळ्यात वरचा, सगळ्यात जाड काळ, आणि त्यातली ही सगळ्यात हट्टी वस्तू.

तोडगा मुलीनेच काढला, त्या खणांचे आकडे जमवणाऱ्या. प्रत्येक पुडीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. पुडी अशी दुमडायची की बाहेरच्या घडीवर तेवढी ओळ यावी, नाव आत जावं. रंगावरून पुडी ओळखू येते, वाचायला मिळते फक्त तारीख. मंडळ खूश, मी त्याहून खूश. घड्यांची चळत मेशमध्ये दाबून बसवली, पेटच्या दोरीने आवळली. इथे हीट गन नाही, पातळ फिल्म क्षणात गोळा होते.

२३ मार्च

चढवलं. काका, दोन मुलं आणि मी. प्रत्येक चौकट चार हुकांवर, भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे मागे हवा खेळेल आणि मागून सैल झालेलं काही खाली पडलं तर झाडताना दिसेल.

वाचनालयाला एक कागद दिला. धूळ कोरड्या फडक्याने पुसायची नाही, घासल्यावर प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि ते आणखी धूळ ओढतं. ओलं फडकं वापरायचं. वर्षातून एकदा दहा-बारा तुकडे बोटाने वाकवून बघायचे. कडकन मोडला किंवा हाताला पांढरं लागलं तर ती चौकट उतरवायची. उतरवायचा क्रम आणि कुठल्या थरात कुठली जात आहे तेही लिहिलंय.

बाईंनी विचारलं, “हे २०१५ ला का संपतं? आता काय?” हिशेब तिथे संपतो म्हणून. वर छतापर्यंत ७० सेंटिमीटर भिंत उरलीय. २०१५ चाच वेग धरला तरी वर्षाला ९७ मिलिमीटर, म्हणजे सात वर्षं, २०२२ पर्यंत. त्यापुढच्या वर्षांना भिंतच नाही. काका म्हणाले छतावर वळवू. त्यांनी टेप लावून मोजलंसुद्धा. डोक्यावर प्लास्टिक टांगायला मी तयार नाही, पळायच्या वाटेचा तोच मुद्दा. सध्या त्या ७० सेंटिमीटरसाठी मेशच्या तीन अर्धवट उंचीच्या चौकटी सांगितल्यात आणि दाराशी एक पेटी ठेवलीय. तारीख असलेलीच वस्तू टाकायची, धुऊन.

२४ मार्च

पेटीत पहिली वस्तू: खुर्चीचा मोडका पाय, बाण ११ कडे, वर्ष २२. शेवटच्या पट्टीत बसतो.